निळीचा वास

“चाचा का खलास हो गया, मॅडम,” रफीक म्हणाला आणि कापडाचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला.

इथे हा शब्द कशालाही चालतो. प्रिंटरची शाई संपली, खलास. ऑर्डर पूर्ण झाली, खलास. नोकरी सुटली, लग्न मोडलं, सगळं खलास. म्हणून क्षणभर मला वाटलं, विश्रामकाकांचं काहीतरी कागदपत्रांचं काम अडलं असेल, ते झालं. मग उमजलं. काकांना इथून जाऊन वर्ष होत आलं होतं. इथे त्यांचं कुठलंच काम उरलं नव्हतं. मी उठून मागे गेले. रफीक नळाखाली हात धरून पाठमोरा उभा होता. पन्नाशीचा, चितगावचा, एरवी दोन मिनिटं एका जागी न ठरणारा माणूस. नळ चालू होता आणि तो काहीच धूत नव्हता.

“सुबह भाभी का फोन आया,” तो म्हणाला. “सोया था. उठा नहीं.”

भाभी म्हणजे काकांची बायको, सुलभाकाकू. त्यांच्याकडे माझाही नंबर आहे. फोन त्यांनी रफीकला केला. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. काका आणि रफीक नऊ वर्षं अजमानला एका खोलीत राहिले होते. तरी ते दिवसभर टोचत राहिलं, आणि का टोचत राहिलं ते मला ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या या शेडमध्ये मी ऑफिसच्या कामासाठी इंटरव्ह्यूला आले, तेव्हा दारातूनच परत फिरणार होते. असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता. काहीतरी ओलं, आंबलेलं, उग्र, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक जुना मातकट गोडवा. नाकाला ओढणी लावून उभी राहिले. आतून एक बुटका, सावळा, पंचावन्नच्या आसपासचा माणूस आला. कोपरापर्यंत हात निळे. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ मराठीत म्हणाला, “डोक्याला मोगऱ्याचं तेल आहे. नोकरी लागली तर लावू नका.”

“मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?”

“पिशवीत शेंगदाण्याची चटणी आहे. लसूण घालून कुटलेली.” मग जरा थांबून, “आठ दिवस जड जातील. मग नाक गप बसतं. माझं बसत नाय, पण माझं सोडा.”

हे विश्राम गोताड. दापोलीच्या पलीकडे डोंगरात एक वाडी आहे, तिथले. तेव्हाच त्यांना आखातात पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

शेड हारादा नावाच्या जपानी बाईंची. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या दुबईत आल्या, नवरा वारला, त्या राहिल्या. त्यांचं आजोळ रंगाऱ्यांचं. शेतकरी, सुतार, आगी विझवणारे, अशा अंगमेहनतीच्या माणसांचे कपडे तिथे पिढ्यान्‌पिढ्या निळीत रंगवले जात. तेच कपडे त्या इथे शिवून, रंगवून जपानी हॉटेलांना, कॉफीच्या दुकानांना, कुंभारकाम शिकवणाऱ्यांना देत. जपानी लोक नावापुढे आदराने ‘सान’ लावतात. बाई होत्याही जेमतेम पावणेपाच फूट. काकांनी त्यांचं नाव सानबाई करून टाकलं. शेडमधले पठाण आणि बंगाली शिंपीही त्यांना सानबाई म्हणत. त्यांना वाटायचं, ते जपानीच आहे.

बाजूला नाड्यांनी बांधायचा सैल सदरा आणि खाली ढगळ विजार, अशा जोडीला ‘सामुए’ म्हणतात. आमचा सगळ्यात जास्त खप त्याचा. “ही तर बाराबंदी,” काका म्हणायचे. “सहाशे दिरहम. म्हणजे चौदा हजार. माझा आजा चौदा हजारांची बाराबंदी घालून नांगर धरायचा, बिचाऱ्याला कोणी सांगितलं नाय.”

रंग एकच, निळा. पण डब्यातला नाही. निळीच्या झाडाचा पाला जपानात महिनोन्‌महिने कुजवतात. तो गवताच्या पोत्यांतून येतो. राखेच्या पाण्यात चुना आणि गव्हाचा कोंडा घालून तो मोठ्या रांजणांत आंबवायचा. राख काका अजमानच्या एका मंदीवाल्याच्या, म्हणजे अरबी मटणभात करणाऱ्याच्या, भट्टीतून आणायचे, तीही चाळून, लाकडाचीच आहे ना ते पुन्हा पुन्हा बघून. आंबलेला रांजण जिवंत असतो. त्याला भूक लागते, अजीर्ण होतं, गारठा बाधतो. चुना कमी पडला तर तो नासतो, जास्त झाला तर झोपून जातो आणि मग कापडावर रंग चढत नाही. कधी काय घालायचं, हे सानबाईंच्या आजोळी वासावरून ठरायचं. आणि त्या वासाला विश्रामकाकांइतकं तयार नाक सानबाईंनाही नव्हतं. हे त्या स्वतःच सांगायच्या.

गंमत म्हणजे काका मुळात रंगारी नव्हेत. उलट, वीस वर्षं ते एका बड्या हॉटेलच्या लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर होते. कापड नाकाशी धरून सांगायचे, ही कॉफी नाही, चहा आहे. हे तेल खायचं नाही, मशीनचं आहे. त्यावरून कुठलं औषध लावायचं ते ठरायचं. सानबाईंनी एकदा त्या लाँड्रीत आपल्या वडिलांचा जुना आखूड कोट दिला. वडील सुतार होते. निळ्या कोटाच्या खांद्यावर काळपट चट्टा पडला होता. चौथ्या दिवशी कोट तसाच परत आला आणि त्याच्याबरोबर हा बुटका माणूसही काउंटरवर आला.

ही गोष्ट काकांनी मला कितीदा सांगितली असेल, मोजदाद नाही. “मी म्हटलं, मॅडम, ये दाग नहीं है, ये आदमी है. रोज एकाच खांद्यावर लाकूड वाहणारा. घाम, लाकडाचा चीक आणि तंबाखू. हे काढलं तर कोट राहील, माणूस जाईल. मॅनेजर माझ्यावर खवळला. इकडे ह्या बाई रडायला लागल्या. मला वाटलं, आता काय खरं नाय.”

महिन्याभरात सानबाईंनी त्यांचा व्हिसा आपल्याकडे करून घेतला. “जन्मभर डाग काढले,” काका म्हणायचे, “आणि म्हातारपणी लावायला बसलो.”

रांजण चार होते. जमिनीत अर्धे पुरलेले. पहिल्या तिघांना काकांनी आपल्या बहिणींवरून थोरली, मधली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली होती. चौथा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहरी. ती सासू. सकाळी अजमानची व्हॅन पोचली की चहाच्या आधी चौघींची विचारपूस. हात मागे बांधून, डोळे मिटून काका एकेकीवर वाकायचे. “थोरली बरी आहे. धाकटीला भूक लागलीय, मूठभर कोंडा. सासूच्या वाटेला आज कोणी जाऊ नका.” रफीक त्याप्रमाणे घालायचा. नाक शाबूत राहावं म्हणून काका कच्चा कांदा खात नसत, तंबाखू सोडली होती, साबणसुद्धा बिनवासाचा आणत. शेडमध्ये अत्तराला सक्त मनाई, आणि तीही या देशात, जिथे पार्सल आणून देणारासुद्धा ऊद लावून येतो. एकदा बँकेचा एक साहेब असाच घमघमत आला. काकांनी त्याला हात धरून बाहेर नेलं, उन्हात खुर्ची दिली आणि कागद सह्यांसाठी बाहेर आणून दिले.

सानबाईंनी एकदा सांगितलं, आमच्याकडचे शेतकरी निळीच्या विजारी घालायचे, कारण त्या वासाला साप फिरकत नाहीत असं मानतात. संध्याकाळी काका माझ्या टेबलाशी घुटमळले. “गो बाय, ती घट्ट विजार असते बघ आपली, तिच्यासाठी एक माप द्यायचंय.”

“कोणाचं?”

“बायकोचं.”

सुलभाकाकू काजूच्या बागेत एकट्या वावरायच्या, कमरेएवढ्या गवतातून. काकांनी ती विजार अठरा वेळा रांजणात बुडवून रंगवली, जवळजवळ काळी दिसेपर्यंत. “लोक हसतील मला,” काकू फोनवर म्हणाल्या. तरी साडीच्या आतून घालत राहिल्या. पावसाच्या दिवसांत घरच्या फोनवर काकांचा पहिला प्रश्न पैशांचा नसायचा, मुलांचा नसायचा. “घातलीस काय?” एवढंच.

मी त्यांचा राग एकदाच ओढवून घेतला. कॉफीच्या दुकानांच्या एका तरुण मालकाला पन्नास सामुए हवे होते, पंधरा दिवसांत, आणि सगळ्यांचा रंग अगदी तंतोतंत सारखा. मी सुचवलं, शेवटचा हात बाजारातल्या रंगाचा देऊ, कोणाला कळतंय. काका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना आमसुलाच्या साराची वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “सानबाई माझ्या नाकावर विश्वासून आहे. तिच्याशी खोटं वागायचं नाय.” त्या मालकाशीही ते स्वतःच बोलले. “हबीबी, पचास आदमी का शकल एक जैसा होता है क्या?” तो हसला आणि महिनाभर थांबला.

म्हणून पुढचं सांगायला मला जड जातं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत काकांना ताप आला. दहा दिवस खोलीवर पडून होते. अकराव्या दिवशी आले, गालफडं बसलेली, पण तडक रांजणांकडे निघाले. त्या सकाळी माझ्या हातून चूक झाली होती. माझ्या मुलीच्या, शर्वरीच्या, मैत्रिणीच्या आईने अत्तराची बाटली दिली होती. ते मनगटाला लावून पाहिलं आणि घाईत तशीच कामावर आले. दारात काका दिसले तेव्हा मी हात पाठीमागे लपवला. ते माझ्या अगदी शेजारून गेले. “काय गो बाय, बरी आहेस ना?” म्हणाले आणि पुढे चालू लागले.

दुपारपर्यंत मी थांबले. मग डबा घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि मनगट त्यांच्या नाकाखाली धरलं.

“काय लागलंय काय हाताला?” त्यांनी विचारलं.

“अत्तर आहे, काका.”

ते बराच वेळ भाताची शितं चिवडत बसले. “परवा सुलभानं पाठवलेली सुकट भाजत होतो. रफीक खोलीतून ओरडत आला, चाचा, जल गया. मी तव्याच्या समोर उभा होतो गो.”

डॉक्टरने सांगितलं होतं, नस दुखावली आहे. सहा महिन्यांत वास येऊ लागेल, नाहीतर मग सांगता येत नाही.

“येईल इन्शाल्ला,” काका म्हणाले. “तोवर सानबाईंना कळू देऊ नको. मला डागांच्या टेबलावरून उचलून तिनं इथं आणलं ते ह्या नाकासाठी.”

“आणि रांजण?”

“तुला नाक आहे ना?”

अशी मी विश्रामकाकांचं नाक झाले. सकाळी सगळे चहाला बाहेर जायचे तेव्हा दहा मिनिटं मिळायची. मी रांजणावर वाकायची, ते मागे उभे राहायचे. अडचण शब्दांची होती. मी नाशिकच्या कॉलनीत वाढलेली. “फणस पिकून फुटल्यासारखा येतोय काय?” मला फुटलेला फणस माहीत नाही. “बोंडांचा रस उतू गेल्यासारखा?” काजूची बोंडं मी चित्रात पाहिलेली. “बरं, गोठ्यासारखा?”

“कुठला गोठा, काका? आमच्याकडे दूध पिशवीतून यायचं.”

ते कपाळाला हात लावायचे. शेवटी तेच माझ्या वासांकडे आले. फ्रीजबाहेर राहिलेलं इडलीचं पीठ. बॅगेत विसरलेला ओला टॉवेल. फुलदाणीतलं चार दिवसांचं पाणी. मी सांगायची, “आज थोरली इडलीचं पीठ आहे, पण वर जराशी फुलदाणी.” ते डोळे मिटून ऐकायचे. “फुलदाणी किती? चिमूटभर की मूठभर?” “चिमूटभर.” “चुना घालायला सांगतो. अर्धी वाटी.” दुसऱ्या दिवशी फुलदाणी गेलेली असायची. असं रोज. मी घरीसुद्धा सगळं हुंगायला लागले. डाळ, लिफ्ट, मुलीचे बूट. “आई, यू आर बीइंग सो वीअर्ड,” शर्वरी म्हणायची.

एका सकाळी मी म्हटलं, “आज मस्त आहे, काका. गोड वास येतोय.”

“कसा गोड?”

मी शोधत राहिले. गुळाचा नव्हता, फुलांचाही नव्हता. मला सांगता येईना.

“राहू दे,” ते म्हणाले आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उन्हात उभे राहिले. तेव्हा मला कळलं की या वेळी त्यांनी रांजणासाठी विचारलं नव्हतं.

जूनमध्ये माझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मला दहा दिवस नाशिकला जाणं भाग होतं. नेमकी एका नव्या हॉटेलची चाळीस कोटांची ऑर्डर चालू होती आणि रांजणांना रोज काम पडत होतं. “तुम्ही कसं करणार?” मी विचारलं. “फेस बघून चालवीन,” काका म्हणाले. “दहा दिवसांचं काय एवढं? बापाजवळ जा तू.”

पुढचं मला रफीकने सांगितलं. सासूवर फेस कमी दिसायला लागला. काकांना वाटलं, तिला भूक लागलीय. त्यांनी कोंडा घालायला सांगितला. हवा होता चुना. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोंडा. तिसऱ्या दिवशी ती नासायला लागली. रफीकला शंका आली होती, पण चाचाच्या नाकावर शंका कोण घेणार? चौथ्या दिवशी शिंपी तोंडाला फडकी बांधून शिवणाच्या खोलीतून बाहेर पडले. शेजारच्या शेडचा वॉचमन तक्रार घेऊन आला. आणि काका रांजणापाशी एकटे उभे राहून काठीने ढवळत होते, काहीतरी गुणगुणत. रफीक त्यांच्याजवळ गेला. त्याने त्यांच्या हातातली काठी काढून घेतली. काकांनी वळून बघितलं तेव्हा त्यांना दारात फडकी बांधलेली माणसं दिसली.

सानबाई तेव्हा अबू धाबीला गेल्या होत्या. त्या सोमवारी परतल्या आणि त्याच सोमवारी मीही कामावर आले. त्यांनी सगळ्यांना रांजणांच्या खोलीत बोलावलं. सासू गेली होती. तिच्यात रंगवलेले सतरा कोटही गेले होते. सानबाई कधी आवाज चढवत नसत. मोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, “ये किसने डाला? रफीक?”

रफीकने मान खाली घातली.

“रफीक नहीं,” काका पुढे झाले. “मैं बोला डालने को. मेरा नाक बंद है, मॅडम. पाँच महीना हुआ.”

“पाँच महीना?” सानबाई म्हणाल्या. “तो पाँच महीना किसने देखा?”

मी काकांच्या मागे, दोन हातांवर उभी होते. हातात ऑर्डरचा कागद होता. त्यावर कोटांची मापं होती. छाती, खांदा, बाही. मी ती मापं वाचत होते.

“अंदाज़ से,” काका म्हणाले. “मैं अकेला. अंदाज़ से चलाया.”

म्हणजे सानबाईंना कळलं ते असं की ज्या माणसाच्या हाती त्यांनी आपल्या आजोळची विद्या दिली, त्याने पाच महिने त्यांच्या रांजणांशी नुसता जुगार खेळला. ते खोटं होतं. मी नाशिकला जाईपर्यंत एक वाटीसुद्धा चुना अंदाजाने पडला नव्हता. हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक मला वाचवण्यासाठी खोटं बोलत होता. मला तोंड उघडता आलं असतं. माझा व्हिसा कंपनीचा होता, नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती, शाळेची फी होती. ही कारणं मला नंतर सापडली. त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. जीभ उचलली नाही, एवढंच.

संध्याकाळी सानबाई रिकाम्या केलेल्या रांजणाशेजारी फरशीवर बसून होत्या. मी चहा घेऊन गेले. त्या इंग्रजीत म्हणाल्या, “त्याने मला सांगायला हवं होतं. मी झाले असते त्याचं नाक.”

मी कप ठेवला आणि बाहेर आले.

त्यांनी काकांना काढलं नाही. पण त्या खोलीत पुन्हा बोलावलंही नाही. ऑगस्टमध्ये जपानहून एक रंगारी आला. कामात चोख, सगळं मीटर लावून मोजणारा. काका मागच्या नळांवर गेले, रंगवून आलेले कपडे खळबळून काढायला. “परत लाँड्रीत आलो,” म्हणाले आणि हसले. साठी पूर्ण होईपर्यंत, आणखी सात-आठ महिने, त्यांनी ते काम केलं. सकाळी व्हॅनमधून उतरले की पाय सवयीने रांजणांच्या खोलीकडे वळायचे. दोन पावलांवर थांबायचे. मग नळांकडे जायचे. डॉक्टरची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझ्याशी ते पहिल्यासारखेच वागायचे. डब्यातलं काही वेगळं असलं तर वाटी माझ्यापुढे सरकवायचे.

रफीकने बातमी सांगितली त्या दुपारी मी सानबाईंच्या केबिनमध्ये गेले आणि मनगटावरच्या अत्तरापासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, “तू सांगत होतीस त्या दिवसांत तो किती वेळा चुकला?”

“एकदाही नाही.”

त्यांनी मान खाली घातली. “हे मला तो इथे असताना कळायला हवं होतं,” म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका मला शेवटचे दिसले ते शारजाच्या विमानतळावर. दुपारचं विमान होतं. आम्ही त्यांना सोडायला अजमानला गेलो. माझा नवरा मिलिंद गाडी चालवत होता, रफीक त्याच्या शेजारी, मागे काका आणि मी. रस्ता तसा थोडाच. मी इतके महिने मनात घोळवलेलं वाक्य बोलायला त्यातला निम्मा गेला.

“काका, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

मिलिंदने रेडिओचा आवाज वाढवला. काका खिडकीबाहेर बघत होते. “हं,” म्हणाले. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. मग म्हणाले, “मी तुझ्याकडं बघितलं होतं गो. एकदाच. मान वळवून.”

“मला नाही दिसलं.”

“तू कागदात बघत होतीस.” सिग्नल सुटला. “बरंच झालं. नजरेला नजर मिळाली असती तर बोलली असतीस. मग दोघंही गेलो असतो.”

त्यांनी माझा गुडघा दोनदा थोपटला आणि पुढे वाकून रफीकला, खोलीतल्या गॅसचा कॉक रोज बंद करत जा, म्हणून बजावायला लागले.

विमानतळावर आम्हाला आत सोडलं नाही. काचेबाहेर उभं राहून बघत होतो. काका रांगेत उभे राहिले, एक बॅग पायाशी. त्यांच्यापुढे चार माणसं सोडून एक म्हातारी बाई होती. तिच्या ट्रॉलीचं चाक अडकलं होतं आणि तिला ती हलवता येत नव्हती. काका आपली बॅग तिथेच ठेवून तिच्याकडे गेले. खाली बसून चाकात अडकलेली दोरी त्यांनी ओढून काढली, मग ट्रॉली ढकलत काउंटरपर्यंत नेऊन दिली आणि तिच्या पेट्या वर चढवू लागले. इकडे रांग सरकली. मागच्या माणसाने काकांची बॅग पायाने थोडी पुढे सारली. रांग पुन्हा सरकली, त्याने पुन्हा सारली. बॅग त्यांच्यावाचून पुढे जात राहिली. काका परतले ते गोंधळून, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्या माणसाने हात हलवून त्यांना पुढे बोलावलं. काका आले, त्याला हात जोडले, हसून काहीतरी म्हणाले आणि बॅग उचलली.

मी काचेला हात लावून उभी होते. काउंटर आला, कागद झाले, ते आत निघाले. मान वळवून त्यांनी काचेकडे बघितलं नाही.